बदल्यात दिलेला

"नातवाचं नाव शेथच ठेवजो. दुसरं नाव काढलं तर मी चर्चात पाय टाकनार नाई," विमलाबाईने आपल्या मुलाला, शेथला, बजावलं आणि डोक्यावर पदर ओढून ती सगळ्यांच्या आधी ऑटोत जाऊन बसली. न येण्याची धमकी द्यायची आणि जागा पहिल्यांदा धरायची, हा म्हातारीचा जुना खाक्या. एरवी शेथ हसला असता. आज त्याला हसू आलं नाही.

आज त्याच्या नातवाचा बाप्तिस्मा होता. त्यांच्या छोट्या मंडळीत बाळाचं नाव आजोबाने उच्चारायची रीत होती. चर्चचे पाळक विचारणार, आजोबा सांगणार, आणि पाळक पाणी लावताना तेच म्हणणार. एकदा पाणी लागलं की नाव बदलत नाही.

शेथचा मुलगा अंकित आणि सून पौर्णिमा यांचं पहिलं बाळ तापाने गेलं होतं. त्यानंतरचा हा. म्हातारीचं म्हणणं सरळ होतं. तिचा थोरला रोशन पाच वर्षांचा होऊन असाच गेला, मग शेथ झाला. तेव्हाच्या पाळकांनी तिला बायबल वाचून दाखवलं होतं. काइनाने सख्ख्या भावाला, हाबेलाला मारलं, आणि हाबेलाच्या ऐवजी देवाने त्यांच्या आईला, हव्वेला, दुसरा मुलगा दिला, म्हणून त्याचं नाव शेथ, बदल्यात दिलेला. नाव ठेवलं, पोर जगलं. जाम गावच्या चौकात शेथच्या टायरच्या दुकानाशेजारी चहा विकणाऱ्या कवडूलाही आईने जन्मल्या जन्मल्या कवडीला विकून परत घेतलं होतं. तोही जगला. म्हातारीच्या लेखी दोन्ही उपाय सारखेच गुणकारी.

फरक शेथला ठाऊक होता. कवडू आपला कवडूच होता, कोणाच्या जागी आलेला नव्हता. शेथने मात्र जन्मभर रोशनची जागा सांभाळली. रोशन ताटात काही टाकत नसे. रोशन उलटून बोलत नसे. शेथ दहावीत नापास झाला तेव्हा माय म्हणाली होती, रोशन असता तर मास्तर झाला असता. पाच वर्षांच्या पोराबद्दल! मेलेल्या भावाशी कोण कसं लढणार?

"मी घरातली स्टेपनी हाय बे," तो एकदा कवडूला म्हणाला होता.

"असू दे ना. गाडी तर तुह्यावरच चालली," कवडू म्हणाला होता. ते खरंच होतं, पण त्याने शेथचं दुखणं कमी झालं नव्हतं.

चर्चच्या दारात पौर्णिमाने सासऱ्याला गाठलं. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं.

"मामाजी, याले माह्या पहिल्याच्या जागी नका बसवू. तो गेला तो गेला. मले त्या नावानं याले हाक मारता येनार नाई."

"आजीले काय सांगू मी?"

पौर्णिमाने झोपलेलं बाळ त्याच्यापुढे धरलं. तिचे डोळे भरून आले होते.

शेथ आत गेला. त्याला भीती म्हातारीच्या रागाची नव्हती. दुसरं नाव ठेवलं आणि पोराला काही झालं तर? माय म्हणेल, तूच घालवलंस. आणि त्याला स्वतःलाही तसंच वाटेल, कायमचं.

"बालकाचं नाव सांगा," पाळक म्हणाले.

पहिल्या बाकावर म्हातारी पुढे वाकून शेथच्या तोंडाकडे बघत होती. पाळकांनी पुन्हा विचारलं. अंकितने मान खाली घातली.

"एनोश," शेथ म्हणाला.

पाणी लागलं तसं बाळाने भोकाड पसरलं. म्हातारी उठली आणि बाकांना धरत धरत बाहेर निघाली. शेथ तिच्या मागे धावला. बाहेर कडुनिंबाखाली ती उभी होती.

"मारतं काय रे लेकराले? काऊन बदललं?"

"शेथाच्या पोराचं नाव हाय ते, माय. पुस्तकातलंच हाय."

"अर्थ काय त्याचा?"

"मानूस."

"कोनाच्या बदल्यात?"

"कोनाच्याच नाई. नुसता मानूस. जगला तर सोताचं जगन."

मग जे कधी विचारायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, तेच त्याच्या तोंडून निघून गेलं.

"माय, मी झालो तवा तू मले पाह्यलं होतं काय?"

"तुह्यात मले तोच दिसे," ती म्हणाली. "तुले पाहाचं राहूनच गेलं रे."

तिने पदराने चष्मा पुसला. "वाक जरा."

तो वाकला. तिची खरखरीत बोटं त्याच्या कपाळावरून, नाकावरून, दाढीच्या पांढऱ्या खुंटांवरून फिरत हनुवटीपाशी थांबली.

"हा तीळ कधीचा रे?"

"जन्मापासूनचा हाय, माय."

तिने बोट काढलं नाही. आत मंडळीने गीत सुरू केलं होतं. शेथची कंबर दुखायला लागली, तरी तो तसाच वाकून उभा राहिला.