कोंडाजीच्या तीन आया

पोर कडेवर. नाक भागीरथीचं, कान भागीरथीचे, भोकाड पसरायची तऱ्हासुद्धा भागीरथीचीच. रस्त्यावरच्या बैलालाही कळलं असतं. तरी टेबलामागच्या बाईनं विचारलंच, “पोर कुणाचं?”

“अलमेलू पाट्टीचं,” भागीरथी म्हणाली.

बाईनं लिहून घेतलं. मान वर करून बघितलंही नाही. सरकारी माणसाला समोर काय दिसतंय त्याच्याशी काय करायचंय, रकाना भरला की झालं.

आणि भागीरथी खोटं बोलत नव्हती बरं का. पोर खरंच पाट्टीचं होतं. रीतसर विकलेलं. भागीरथीची पहिली मुलगी तिसऱ्या महिन्यात गेली, दुसरा मुलगा पाचव्यात. तिसरा झाला तेव्हा सुईणीनं नाळ कापली न कापली तोच शेजारची आजी, अलमेलू पाट्टी, मागल्या दारानं सूपभर कोंडा घेऊन आली. कोंडा भागीरथीच्या पायाशी ओतला, पोर सुपात घातलं आणि मोठ्यानं म्हणाली, “घेतलं गे हे पोर मी. आता तुझा त्याच्यावर हक्क नाही.” मग तेच सूप परत भागीरथीच्या मांडीवर ठेवलं. “माझं आहे, पण सांभाळ तूं.” नाव ठेवलं कोंडाजी. पाच वर्षं पुरी झाली की स्वामीमलैच्या देवळात जाऊन केस उतरवायचे, पाट्टीला कोंडा परत करायचा आणि पोर सोडवून आणायचं. तोवर ‘माझं’ म्हणायचं नाही. वरचा यम कान लावून बसलेला असतो. दोनदा त्यानं ऐकलं होतं.

आता कोंडाजी आठ महिन्यांचा होता आणि काही केल्या अंग धरत नव्हता. हात म्हणजे शेवग्याच्या शेंगा. म्हणून तर भागीरथी इथं आली. त्याच साली, म्हणजे चोपन्न साली, तळ्यामागच्या जुन्या छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, मातृ-शिशु केंद्र निघालं होतं. दर बुधवारी सकाळी पोरं तोलत, डॉक्टर बघत, माशाच्या तेलाचा चमचा पाजत आणि डब्यातली दूधभुकटी देत.

“मग अलमेलू कुठं आहे?” टेबलाच्या बाईनं विचारलं. “आत फक्त आयांना सोडतात.”

“मी सांभाळते की त्याला.”

“तुम्हाला मूल आहे?”

भागीरथीनं दात आवळले. “नाही.”

“मग बाहेर बसा.”

घ्या! छातीवरचं लुगडं दुधानं ओलं, आणि बाई बाहेर!

भागीरथी तरातरा घरी गेली आणि पाट्टीला ओढून आणलं. पाट्टीला सदुसष्टावं चालू होतं. नवरा जाऊन तीस वर्षं झालेली, तोंडात दोन दात, तेही एकमेकांशी बोलत नसलेले. टेबलाच्या बाईनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं, वय विचारलं, लिहिलं. “बाळंतपण घरी की दवाखान्यात?”

“घरीच. मागल्या दारानं,” पाट्टी म्हणाली.

तेही लिहिलं.

पाट्टी आत गेली. चटईवर बारा तरण्या पोरी आणि मधोमध ही पांढऱ्या लुगड्यातली म्हातारी, मांडीवर कोंडाजी. बाळाला न्हाऊ कसं घालायचं ते एक नर्स बाहुली घेऊन शिकवत होती. पाट्टीनं तिच्या सतरा चुका काढल्या. मग नर्स म्हणाली, आता सगळ्यांनी पोरांना पाजा. कोंडाजीनं पाट्टीच्या पदरात दोनदा तोंड खुपसलं, काय ते ओळखलं आणि असं भोकाड पसरलं की खांबावरची कबुतरं उडाली.

“अडी भागी!” पाट्टीनं हाक मारली. “खिडकीशी ये!”

खिडकीला गज नव्हते म्हणून बरं. पोर खिडकीतून बाहेर गेलं, बाहेर पोटभर प्यायलं, खिडकीतून आत आलं. नर्सनं वहीत नोंद केली: आईला दूध नाही, अशक्तपणा फार. पाट्टीला लोहाच्या टॉनिकची बाटली मिळाली आणि पाठ टेकायला एकुलती एक खुर्ची.

असे तीन बुधवार गेले. टॉनिकनं पाट्टीचे गाल वर आले. ती आता बुधवारी वेणीत फूल तेवढं माळायची बाकी होती. “आम्हा आयांना,” असं ती बोलायला लागली. कोंडाजी मात्र होता तिथंच, अकरा रत्तल. कारण डॉक्टर आईला विचारायचा, रात्री किती वेळा उठतो, शी कशी होते, आणि पाट्टी मनाला येईल ते ठोकून द्यायची. रात्री ती स्वतःच घोरत असायची, तिला काय माहीत!

भागीरथीचा नवरा एकोजी नाचियार्कोविलला पितळी दिवे घासायच्या कामाला होता. शनिवारी घरी आला. सगळं ऐकून म्हणाला, “सांगून टाक की एकदां, माझं आहे म्हणून.”

“तूंच सांग. बाप आहेस की.”

एकोजीनं छपराकडे बघितलं. मग म्हणाला, “जेवायला काय केलंस?”

चौथ्या बुधवारी मद्रासहून मोठ्या बाई आल्या, विजयलक्ष्मी अम्मा. चष्मा, चामड्याची बॅग, चेहरा उन्हानं लाल. वही चाळता चाळता एका पानावर थांबल्या. “अलमेलू. वय सदुसष्ट. मूल आठ महिन्यांचं. हे कुणी लिहिलं?”

टेबलाची बाई म्हणाली, “त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, अम्मा.”

विजयलक्ष्मी अम्मा खुर्चीपाशी गेल्या. “पाट्टी, खरं सांगा. हे मूल तुम्हाला झालं?”

“झालं कुठलं? विकत घेतलं,” पाट्टी ठसक्यात म्हणाली.

टेबलाच्या बाईनं टाक खाली ठेवला.

“विकत? काय देऊन?”

“कोंडा. सूपभर. चांगला चाळलेला होता.”

अम्मांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मुलं विकत घेणं गुन्हा आहे, पाट्टी. ह्याची आई कोण?”

बारा बायांनी एकदम खिडकीकडे बघितलं. खिडकीत भागीरथी उभी. तिला सगळ्यांनी ओळखलं होतं, पहिल्याच दिवशी. पण एक बोलेल तर शपथ! ज्यांची स्वतःची पोरं गेली होती त्यांनी तर ओठ दाताखाली धरले.

अम्मांनी तिला आत बोलावलं. “तुमचं आहे का हे मूल? हो म्हणा, लगेच नाव बदलते. नाही म्हणालात तर ते बेवारशी ठरतं. बेवारशी मूल मला तंजावरच्या अनाथाश्रमात पाठवावं लागेल. आजच. दुपारच्या गाडीनं.”

भागीरथीनं तोंड उघडलं. ‘मा’ पर्यंत आलीसुद्धा. तेवढ्यात कोंडाजीला ठसका लागला. साधाच, थुंकीचा. पण मधला पोरगा गेला होता त्या सकाळी तोही असाच ठसकला होता. तिनं तोंड मिटलं. सांगितलं तर यम नेतो, नाही सांगितलं तर आगगाडी नेते. तिच्या डोक्यात अशी तिडीक उठली की टेबल उलटं करावंसं वाटलं. तिनं टेबलाकडे बघितलं. टेबलावर शिक्का होता.

“अम्मा,” ती म्हणाली, “सरकार मरतं का हो?”

“काय?”

“मरत नाही ना. आजारी पडत नाही. यम सरकारच्या दारात आला तर त्याला काय म्हणतील?”

टेबलाची बाई सवयीनं म्हणाली, “बुधवारी या. अर्ज आणा.”

“तर मग सरकारनंच घ्यावं हे पोर. पाट्टी विकेल. पाट्टीच्या घरावर यम कधीही येईल, तिचं वय झालं.”

“ए!” पाट्टी खुर्चीतून उठली. “वय कुणाचं झालं गे? मी नाही विकत. मी आई आहे त्याची!”

“पाट्टी, टॉनिक दर बुधवारी मी आणून देईन तुला. शपथ.”

पाट्टीनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. “आणि खुर्ची?”

“खुर्चीपण देतील,” विजयलक्ष्मी अम्मा म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या, आपण ह्यात कशा शिरलो म्हणून. “अहो, पण सरकार मुलं विकत घेत नाही!”

“मग पाठवता कसं आश्रमात?” भागीरथी तडकली. “फुकट न्यायला चालतं, विकत घ्यायला नाही? आणि आश्रमात रात्री दोनदा उठून पाजणार कोण ह्याला? तुम्ही?”

अम्मांनी कोंडाजीकडे बघितलं. कोंडाजी त्यांच्या चष्म्याकडे झेपावत होता, शेंगेसारखे हात पसरून. अम्मा कुणाशीच बोलत नसल्यासारख्या म्हणाल्या, “‘केंद्राच्या देखरेखीखाली’ असा एक रकाना आहे.” मग घसा साफ केला. “काय द्यावं लागतं?”

“कोंडा,” पाट्टी म्हणाली.

“कोंडा नाही इथं.”

“मग कसला व्यवहार?”

शेवटी दूधभुकटीचा डबा उघडला. अम्मांनी मूठभर भुकटी पाट्टीच्या पदरात टाकली. पाट्टीनं बोटानं चाटून बघितली, तोंड वाकडं केलं आणि मोठ्यानं म्हणाली, “दिलं गे पोर!” बारा बायांनी सोडलेला श्वास छत्रभर ऐकू आला.

“शिक्का मारा,” भागीरथी म्हणाली.

“मारते कागदावर.”

“यमाला वाचता येतं की नाही कोण जाणे. पोरावर मारा.”

आणि विजयलक्ष्मी अम्मांनी, बी.ए. पास बाईनं, आठ महिन्यांच्या पोराच्या मांडीवर गोल जांभळा शिक्का मारला. कोंडाजी खुदकन हसला. वहीत आईच्या रकान्यात लिहिलं ‘सरकार’, आणि त्याखाली, ‘मूल सांभाळणारी: भागीरथी. रोज चोवीस तास. केंद्रात हजर राहण्यास परवानगी.’

“बसा आत,” अम्मा म्हणाल्या.

भागीरथी चटईवर बसली. पदराखाली कोंडाजी चुकचुक करत प्यायला लागला, भर छत्रात, बारा जणींच्या मधोमध. डॉक्टर समोर येऊन उकिडवा बसला. “रात्री किती वेळा उठतो?”

“दोनदा,” भागीरथी म्हणाली. “पहाटे तिसऱ्यांदा. पाजल्यावर ओकतो, डाव्या कुशीवर निजवलं तर नाही ओकत. शी हिरवी होते, चार दिवस झाले. दात येताहेत, खालचे. लिहा, लिहा, अजून पुष्कळ आहे.”

डॉक्टर लिहीत सुटला. टेबलापाशी तोवर गडबड उडाली होती. एक बाई तान्ही मुलगी पुढे करून म्हणत होती, “अम्मा, हीही कुणाची नाही,” आणि तिच्यामागं उरलेल्या अकराजणी पोरांच्या मांड्या उघड्या करून रांगेला लागल्या होत्या.