रंगाखालच्या दोन रेघा

मी जीपगाडीच्या पोटाखालचा एक जुना शाफ्ट आहे. मित्रांनो, मला पाहायला जमिनीला पाठ टेकावी लागते, म्हणून माझी ओळख कमी. इंजिनाचा जोर मी गरगर फिरून मागच्या चाकांपर्यंत पोचवतो. माझे दोन भाग एकमेकांत बसतात. ते नीट बसावेत म्हणून कारखान्यात दोघांवर समोरासमोर एकेक रेघ कोरली होती.

चौदा वर्षं मी भीमपूर ते आदिलाबाद धावलो. कापूस वेचणाऱ्या बाया, परीक्षेची मुलं, लग्नाची वऱ्हाडं, सगळ्यांना नेलं. कौतुक मात्र हॉर्नचं झालं.

यंदा दसऱ्याला मालक देवानंदने मला प्रथमच पुरतं खोललं. काळी माती खरवडली, अंगभर जाड लाल रंग दिला, परत जोडून हळदकुंकू लावलं. मी खूश होतो. दुसऱ्याच दिवशी गाडी साठच्या वेगाला थरथरू लागली.

मधल्या सीटवर रोज बयनाबाई बसत, दह्याचा गंज, म्हणजे झाकणाचं पातेलं, मांडीवर घेऊन.

"काऊन रे देवानंद, मी बजारात दही नेऊन राह्यली का ताक?"

देवानंदने चारही चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं. थरथर तशीच. "शाफ्टच वाकला," तो म्हणाला. "देतो भंगारात." मित्रांनो, चौदा वर्षांनी हे ऐकणं सोपं नव्हतं.

"थांब बापा," म्हातारे मिस्त्री महिपत म्हणाले. "आधी गुन्हेगार धरू, मंग फाशी देऊ." ते देवानंदशेजारी बसले आणि गाडी निघाली. "बाई, गंजाचं झाकण वाजलं का सांगा."

चाळीसला झाकण गप्प. साठला खणखण.

"स्टेअरिंग हालते काय?"

"नाई."

"म्हंजे पुढची चाकं निर्दोष सुटली. आता न्यूट्रल कर."

इंजिनाचा आवाज उतरला, झाकण वाजतच राहिलं.

"इंजिनबी सुटलं."

"मंग राह्यलं कोण?" बयनाबाईंनी विचारलं.

मागची चाकं बॅलन्सिंगमध्येच सुटली होती. राहिलो मीच.

गाडी थांबवून महिपत तिच्याखाली शिरले. मला हलवून, फिरवून पाहिलं. ना वाकलेला, ना सैल. "दसऱ्याले खोलला होता काय? जोडताना रेघा पाह्यल्या?"

"कोणत्या रेघा?"

महिपतनी चाकूने रंग खरवडला. माझ्या दोन रेघा भांडलेल्या जावांसारख्या तोंड फिरवून बसल्या होत्या. जोडताना भाग चुकीच्या खाचेत गेले होते, म्हणून जोरात फिरताना माझा तोल जात होता. महिपतनी ते सुटे केले, रेघेसमोर रेघ आणून पुन्हा बसवले.

साठ. सत्तर. झाकण गप्प.

"झोपलं वाटते," बयनाबाई म्हणाल्या.

मित्रांनो, वस्तू जरूर घासा, रंगवा, पुजा. पण खोलण्याआधी तिच्या अंगावरच्या खुणा पाहून ठेवा. आणि भंगारात टाकण्याआधी निदान चौकशी तरी करा.

आदिलाबादला उतरल्यावर बयनाबाईंनी महिपतच्या बोटावर थोडं दही दिलं. "लावा त्याले. आज दही दहीच राह्यलं, त्याचाबी वाटा आहे."

महिपतनी वाकून ते माझ्या रेघांना लावलं. ग्रीस सोडून मला कोणी काही खाऊ घातल्याची ही पहिलीच वेळ.