ओले पाय

भावाच्या पहिल्या अल्बमवर लोकांनी यथेच्छ तोंडसुख घेतलं आणि ताईने ते शब्दन् शब्द वाचून काढलं. कानाच्या दवाखान्यात ती लोकांचं ऐकणं तपासायची, त्यामुळे एकच आवाज कुणाला कसा ऐकू येतो याचं तिला मुळातच कुतूहल होतं. जेवणाच्या सुट्टीत एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात फोन, असं तिचं चाललेलं असायचं.

ग्रुपचं नाव 'चौथा मजला'. तिघं जण, हिप-हॉप करणारे. त्यातला तिचा धाकटा भाऊ म्हणजे ठोक्या. हे नाव काही त्याने पोस्टरसाठी शोधलेलं नव्हतं. लहानपणी ताट, दार, बहिणीची पाठ, जे हाताला लागेल त्यावर तो ठेका धरायचा, म्हणून आईनेच ते ठेवलेलं. आता तो रात्रभराच्या प्रवासाइतका दूर राहत होता आणि घरी येणं पुढच्या महिन्यावर ढकलत होता. पुढचा महिना आला की त्याच्यापुढचा.

"पहिली दोन गाणी म्हणजे तोफ. तिसऱ्यापासून दारूगोळा संपलेला दिसतो," असं एकाने लिहिलं होतं. दुसरीचं म्हणणं, "सहावं गाणं लावून भांडी घासायला घेतली. भांडी संपली, ओटा पुसून झाला, गाणं आपलं चालूच." तिसरा समजूतदार होता: "पोरांत दम आहे. फक्त रागावणं म्हणजे ओरडणं नव्हे, हे त्यांना कुणीतरी सांगा." ताईला हे पटलं. तिसरं गाणं तिलाही बेताचंच वाटलं होतं, आणि पाचव्यात ठोक्याने श्वास कुठे घ्यायचा हेच ठरवलेलं नव्हतं.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत झालं होतं. 'ओले पाय' नावाचा, ज्याला गाणं म्हणता येणार नाही असा एक तुकडा होता, तो सरळ उडवावा.

तो तुकडा चुकून ध्वनिमुद्रित झाला होता. माइक चालू होता, ग्रुपमधला एक जण न्हाणीघरातून तसाच आत आला आणि ठोक्या त्याच्यावर बरसला: "थांब! तिथेच थांब. पाय बघ आधी! घर आहे का तलाव? पायपुसणं काय शोभेला ठेवलंय? पूस. टाच... टाच पूस म्हणते ना मी!" मग तिघांचं खिदळणं. बस, एवढंच.

"हा कधीपासून बाई झाला?" असं कुणीतरी विचारलं होतं. "हसायचं कुठे ते तरी सांगा," असं आणखी कुणी.

ताई हसली नव्हती. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिच्या हातातला घास हातातच राहिला. तो आईचा आवाज होता. म्हणजे आवाज ठोक्याचाच, पण चढ-उतार आईचा, 'टाच' या शब्दाआधी घेतलेला दम आईचा.

आई पोहण्याच्या तलावावर कामाला होती. ओल्या फरशीवरून धावणाऱ्या पोरांना तिने एक हाक मारली की पोरंच काय, पाण्यातली मोठी माणसंसुद्धा जागच्या जागी थबकायची. मग गळ्याचं मोठं ऑपरेशन झालं. जीव वाचला, स्वरयंत्र काढावं लागलं. आता गळ्याच्या छिद्रावर रुमाल बांधून ती ओठांनी बोलायची आणि ताई ते ओठ वाचायची. फोनवर ओठ दिसत नाहीत, व्हिडिओत ते धड वाचता येत नाहीत, म्हणून आई नखाने टिचकी मारायची. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. ठोक्या इकडचं तिकडचं बोलायचा, टिचक्या ऐकायचा, आणि त्याचा फोन दिवसेंदिवस आखूड होत चालला होता.

आणि आईचा आवाज कुणीच जपून ठेवलेला नव्हता. रागावणं कोण रेकॉर्ड करतं? मावशीच्या मुलाच्या लग्नाच्या व्हिडिओत आई दिसते, तोंडही हलतं, पण वरून बँड वाजतोय.

एके दिवशी दुपारी ठोक्याचा फोन आला.

"तायडे, उद्या सकाळी अल्बम बदलून टाकतोय. 'ओले पाय' उडवतोय."

"लोक म्हणाले म्हणून?"

"लोक म्हणाले म्हणूनही."

"आणि?"

"आईला पाठवताना मी तो तुकडा काढूनच पाठवला होता. तिचा आवाज गेला आणि मी बसलोय तिची नक्कल करत. ऐकलं तर तिला काय वाटेल?"

"तिला विचारलंस?"

"कसं विचारू? दोन टिचक्या आल्या तर?"

ताईला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. गेले कित्येक दिवस हीच भीती तिलाही होती. तीसुद्धा तो तुकडा कानात इयरफोन घालून, आईकडे पाठ करून ऐकत आली होती.

"मी ऐकवते," ती म्हणाली. "इथे दवाखान्यात, आवाजबंद खोलीत. हातात बटण देते. आवडलं की दाबायचं, म्हणजे माझ्या टेबलावर दिवा लागतो."

"पेशंट समजतेस का तिला?"

"कान तपासायला नाही रे. आईचे कान तुझ्या-माझ्यापेक्षा शाबूत आहेत. फोनवर तुला तोंडदेखलं हो म्हणते ती. बटण दाबताना तसं नाही करणार."

ठोक्याने नाक ओढलं. "बरं. त्या तुकड्याला दिवा लागला तर ठेवतो. नाही लागला तर उडवतो, आणि मग तू परत विषय काढायचा नाहीस."

"नाही काढणार," ताईने शब्द दिला, आणि देताक्षणीच तिला वाटलं, हे आपण काय करून बसलो!

संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर आई आली. आवाजबंद खोलीत जाताना तिने चपला बाहेर काढल्या, ताईच्या बुटांकडे बघून भुवया उंचावल्या. ताईने निमूट बूट काढले. हेडफोन चढवून, बटण मुठीत धरून आई खुर्चीत ऐटीत बसली. ओठ हलले: 'पास झाले तर बक्षीस काय?'

"आधी परीक्षा दे," ताई म्हणाली आणि काचेच्या अलीकडे येऊन बसली.

पहिलं गाणं, ती तोफ, सुरू झालं. दिवा लागला नाही. दुसऱ्यालाही नाही. लोकांनी डोक्यावर घेतलेल्या ओळी आल्या आणि गेल्या, आई शांत. मग तिसऱ्या, कंटाळवाण्या गाण्यात दिवा लागला. विझला. पुन्हा लागला. ताई चक्रावली. तिने तेवढी जागा मागे नेऊन आपल्या कानात ऐकली. काहीच नव्हतं तिथे. शब्द नाहीत, ठेका नाही. ठोक्या नाक ओढत होता.

पाचव्या गाण्यात, जिथे त्याला दम लागला होता, तिथेही दिवा लागला. आई गाणी ऐकतच नव्हती. ती पोराचं श्वास घेणं ऐकत होती.

आता 'ओले पाय'. ताईचं बोट पुढे जाईना. ऐकवलं नाही तर तुकडा जातो, ऐकवलं आणि आईचा चेहरा उतरला तर? शेवटी तिने ते सुरू केलं आणि नजर दिव्यावर रोवली.

"थांब! तिथेच थांब."

दिवा नाही.

"पाय बघ आधी!"

दिवा नाही. पायपुसणं झालं, टाच झाली, खिदळणंही संपलं. दिवा लागला नाही तो नाहीच. ताईने वर पाहिलं. आई बोट गोल फिरवून सांगत होती, परत लाव.

या वेळी ताईने दिव्याकडे पाहिलंच नाही.

काचेपलीकडे आई बोलत होती. कानात ठोक्या "थांब!" म्हणाला आणि आईचे ओठ त्याच क्षणी उघडले. बटणाचा हात मांडीवर विसरलेला, दुसरा हात कंबरेवर. "पाय बघ आधी," ओठांवर तेच, त्याच घडीला. इतक्या वर्षांनी आईचं तोंड हलत होतं आणि त्यातून आवाज येत होता. 'टाच'च्या आधी दोघांनी एकदमच दम घेतला. ताईने डोळे पुसले नाहीत. पुसले असते तर तेवढे ओठ दिसायचे राहिले असते.

मग तिने खोलीचं दार उघडलं, आईचे हेडफोन उतरवले आणि भावाला फोन लावला.

"लागला का दिवा?" त्याने पहिलं हेच विचारलं.

"नाही."

"पूर्ण ऐकवलंस तरी नाही?"

"नाही. पण ऐक तरी..."

"ठरलं होतं तायडे. नाही आवडलं तिला." त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "रडली का? काय म्हणाली?"

"तू जे म्हणालास तेच. तुझ्याबरोबर. तोंडाने बोलत होती रे, बटण दाबायला विसरली. हे उडवू नकोस."

आईने ताईची बाही ओढली आणि ओठांनी काहीतरी भराभर सांगितलं.

"आई म्हणते, तुला सर्दी झालीय. सगळ्या गाण्यांत."

"आणि?"

"म्हणते, हे काढलंस तर बघ. पण चुकलंयस. 'घर आहे का तलाव' असं नाही म्हणत ती."

"मग काय म्हणते?"

ताईने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली आणि अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करत ओठ हलवले.

"फोनवर नाही सांगणार म्हणते. समोर येऊन तोंडाकडे बघ म्हणते."

आईने फोन स्वतःकडे घेतला आणि कानाला घट्ट लावला. ठोक्या काय बोलला ते ताईला ऐकू आलं नाही. आईने टिचकी मारली नाही. पण तिची मूठ आवळली गेली, बटण अजून त्याच मुठीत होतं, आणि काचेच्या अलीकडच्या रिकाम्या टेबलावर दिवा लागला तो बराच वेळ लागूनच राहिला.