घोडा वरचा की खालचा?

टेबलावर एक रिव्हॉल्व्हर होतं, एक पिस्तूल होतं आणि अठरा गोळ्या होत्या. सिंधूने त्या दोनदा मोजल्या. टेबलाभोवती माणसं चार आणि मतं पाच, कारण अच्युतराव मध्येच एकदा फिरले.

खनिज खातं नागपूरहून भोपाळला हलून दोन वर्षं झाली होती. सिंधू त्यात भूगर्भशास्त्राची एम.एस्सी. होऊन नव्याने लागलेली. सातपुड्यातला कॅम्प तिला हवा होता, आणि साहेबांची, म्हणजे अच्युतरावांची, अट एकच होती.

"अस्वलांचा मुलूख आहे, सिंधूताई. पंधरा पावलांवरून पाच गोळ्या. चार पुठ्ठ्यात बसल्या तर तुम्ही, नाहीतर सुभाष."

म्हणून ही सगळी वरात भोपाळबाहेर, कोटरा गावापलीकडच्या खडकाळ माळावर आली होती.

"पिस्तूल घे," खात्यातला तिचा जोडीदार सुभाष म्हणाला. "एक उडाली की दुसरी आपोआप हजर. रिव्हॉल्व्हर म्हणजे टांगा."

"टाँगा सही, साब, मगर रास्ते में रूठता नहीं," मसरूर मियाँ म्हणाले. शिकारीत हयात गेलेले हे गृहस्थ आज तिचे उस्ताद होते.

पिस्तुलाचा वरचा पोलादी भाग मागे ओढता ओढता सिंधूच्या तोंडाला फेस आला. बार झाला आणि तापलेली पितळी पुंगळी उडून थेट तिच्या ब्लाउजच्या गळ्यात! नळी जमिनीकडे धरून ती जागच्या जागी नाचली.

"हेही आपोआपच का रे?" तिने सुभाषला विचारलं.

मग रिव्हॉल्व्हर. चाप इतका जड की नळी डुगडुगली. तीन गोळ्या मातीत.

"घोड़ा दबाइए, बाई साब! आहिस्ता!" मियाँ ओरडले.

सिंधूने मागचा घोडा अंगठ्याने दाबला. खट्! तो मागेच अडकून राहिला.

"अरे, वो नहीं! हमारे यहाँ घोड़ा नीचे होता है, उँगली के पास!"

"तो चाप. आमच्याकडे घोडा वर असतो."

पण चाप आता अगदी हलका झाला होता. तिला राहवेना. रिव्हॉल्व्हर रिकामं करून तिने दगडांचे नमुने तोलायचा स्प्रिंगचा काटा चापाला अडकवला. घोडा न चढवता ओढ बारा पौंड. चढवून चार.

"ठरलं. हत्यार मियाँचं, घोडा आमचा."

"दर गोळीला अंगठा?" सुभाष हसला. "तोवर अस्वल जेवून हात धुईल."

"मग तू त्याला विडा दे."

तिने पाच वेळा घोडा चढवला, पाच वेळा चाप ओढला. अच्युतराव स्वतः फूटपट्टी घेऊन गेले.

पुठ्ठ्यात भोकं चार. सर्वांत लांबच्या दोहोंत अंतर साडेपाच इंच. पाचवी गोळी चौकटीच्या वरच्या लाकडात, पुठ्ठ्याच्या कडेपासून पाऊण इंचावर.