राखीव अर्धी

जहाजावर पोचले त्याच दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, मला उभी चिरून माझ्या दोन करण्यात आल्या. दुखलं नाही. साबणाची मोठी वडी दोऱ्यानं कापतात तशी एक बारीक तार डोक्यापासून खाली फिरवली आणि आम्ही दोघी आपापल्या पायांवर उभ्या राहिलो. दोघी पुऱ्या होतो. दोघींच्या मोज्याला अंगठ्याशी तेच भोक होतं.

यात नवल करण्यासारखं काही नाही. समुद्राच्या तळातून गाळानं भरलेली लांब नळी वर काढली की आम्ही ती अशीच उभी चिरतो. एक अर्धी कामाला घ्यायची, तिचे हवे तितके नमुने काढायचे, तिची चाळण झाली तरी चालते. दुसरी अर्धी शीतगृहात राखीव ठेवायची आणि तिला बोटही लावायचं नाही. आर्क्टिकला जाणाऱ्या जहाजांवर शास्त्रज्ञांनाही हाच नियम लागू आहे. मोहिमेचे प्रमुख तेंडोलकर सर म्हणाले, "तिकडे माणूस पटकन खराब होतो. एक कोरी प्रत असलेली बरी." त्यांचे स्वतःचे दोन भाग कधी झाले ते मी विचारलं नाही.

कोणती अर्धी कामाची आणि कोणती राखीव, हे आपण ठरवायचं नसतं. तुमच्याबरोबर जोडीनं जो आला असेल तो ठरवतो. त्याच्या हातात दोन लोकरी टोप्या देतात. लाल कामाची, निळी राखीव. कामाची अर्धी बर्फ बघते, घरी फोन करते, मोहीम संपल्यावर घरी जाते. राखीव खाली राहते.

मी चारूबरोबर आले होते, म्हणून मला काळजी नव्हती. चारू म्हणजे डॉ. चारुशीला उगले, संगमनेरची. एकाच टेबलाशी, एकाच दिव्याखाली बसून ओल्या कुंचल्यानं गाळातले शिंपले वेचण्यात आमचं दोघींचं तरुणपण गेलं. माझ्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा रजा चारूनं काढली होती, मी नव्हे.

फक्त एक गोष्ट झाली होती. जहाजावर चढण्याआधी धक्क्यावरच्या बाकावर बसून आम्ही माझ्या आईनं दिलेले शेवेचे लाडू खात होतो, तेव्हा मी तिला म्हटलं, "चारू, मागच्या वर्षीची ती नळी आपण उलटी वाचलीय."

"उलटी म्हणजे?"

"म्हणजे खालचं टोक वर धरून. ज्या थरात हवामानात ऊब आली असं आपण छापलंय तिथं गारठा आलेला आहे. तिकडचा पहिला गाळ वर आला की मी ताडून बघणार. आणि चूक असली तर सांगून टाकणार."

चारूनं लाडवाचा तुकडा बराच वेळ चघळला. त्या निष्कर्षावर तिला या मोहिमेचं उपप्रमुखपद मिळालं होतं. मला ते ठाऊक होतं, पण चारूला सांगताना शब्द तोलायचे असतात असं मला कधी वाटलंच नाही. "लाडू छान झालेत गं," ती म्हणाली.

आधी चारूला चिरलं, त्यामुळे आधी टोप्या माझ्या हातात आल्या. दोन चारू माझ्यासमोर उभ्या होत्या. मी त्यांना जुन्या आठवणी विचारल्या, दोघींनी एकाच वेळी एकच उत्तर दिलं. मग मी आमच्या सवयीप्रमाणे केलं. गाळ चिरताना जी बाजू विस्कटते ती आम्ही कामाला घेत नाही, तिच्यातून भलतंच वाचलं जातं. एका चारूचा चेहरा विस्कटला होता. ती रुमाल शोधत होती, नाक ओढत होती. दुसरी गुळगुळीत होती, एक रेघ हललेली नव्हती. मी गुळगुळीत चारूला लाल टोपी घातली. मला वाटलं, मैत्रिणीसाठी मी चोख काम केलं.

मग माझी पाळी आली. लाल टोपीतली चारू आम्हा दोघींसमोर उभी राहिली. मी मोठ्यानं म्हटलं, "ए चारू, मी इकडे."

तिनं आधी माझ्या दुसऱ्या अर्धीला विचारलं, "ऋजुता, त्या नळीचं काय करायचं गं?"

"बघू नंतर," दुसरी म्हणाली.

मग तिनं मला विचारलं. मी म्हटलं, "काय करायचं म्हणजे? तपासायची."

चारूनं मान हलवली आणि निळी टोपी माझ्या डोक्यावर घातली. कानांना वारा लागू नये म्हणून ती खाली ओढलीसुद्धा. मला रडू नाही आलं, थोबाडीत मारावीशी वाटली. पण राखीव झाल्यावर हात लगेच जड होतात.

शीतगृह जहाजाच्या पोटात आहे. आम्हा राखीव लोकांना ट्रेमध्ये आडवं करून, वर पातळ प्लास्टिक ताणून, फळ्यांवर ओळीनं ठेवलेलं असतं. कोरडं पडू नये म्हणून उशाशी ओला स्पंज असतो. बोलायला बंदी नाही, पण फार कोणी बोलत नाही. जहाज उत्तरेकडे सरकतं तशी ही खोली लांबत जाते. पहिल्या दिवशी दाराच्या फटीतला उजेड माझ्या पायांवर पडायचा. आता दार खूप लांब गेलं आहे. शिवाय वरची फळी रोज थोडी खाली येते. हल्ली मान वळवायची तर नाक घासतं.

माझ्या शेजारच्या ट्रेमध्ये निळी टोपी घातलेली चारू आहे.

"मी असते तर तुलाच लाल घातली असती," ती एकदा म्हणाली.

"माहीत आहे."

"मग मला निळी का घातलीस?"

"तू रडत होतीस."

"अगं, माणसानं घर सोडताना रडूही नये का?"

मी तिच्याकडे मान वळवायला गेले आणि नाक फळीला घासलं.

घरच्या फोनची तार शीतगृहाच्या छतामधून जाते, त्यामुळे वरची बोलणी खाली ऐकू येतात. एक दिवस आईचा आवाज आला. वेंगुर्ल्याहून बोलत होती. जगात कोणी ओळखलं नाही तरी आई ओळखेल, याची मला खात्री होती. पहिल्याच वाक्याला ती म्हणेल, तू कोण गो?

"जेवलंस मां?" आईनं विचारलं.

"जेवले," माझी वरची अर्धी म्हणाली.

"थंडी खूप आसा?"

"आहे, पण सवय झाली."

"आवाज बरो येता गो तुझो. माका तर आधीपेक्षा गोड वाटता."

मी प्लास्टिकला तोंड लावून "आई, आई" अशा हाका मारल्या. वर आई शेजारच्या घराचे पत्रे बदलण्याचं काम सांगत होती आणि वरची हुं हुं करत होती. मी कधीच हुं हुं करत नाही, मला पत्र्यांचा कंटाळा येतो आणि मी तसं सांगते. तेवढ्यावरून तरी कळायला हवं होतं. आईचा मला फार राग आला. तो अजून गेलेला नाही.

लाल टोपीतली चारू मध्यंतरी एकदा खाली येऊन गेली. ट्रेच्या कडेला तिनं हात ठेवला.

"कशी आहेस?"

"मला वर यायचंय."

"तू वर आलीस तर तिचं काय?"

"ती मीच आहे."

"मग तुझी तक्रार काय आहे?" तिनं विचारलं. तिला खरोखरच कळत नव्हतं. माझा स्पंज तिनं पाण्यात बुडवून आणला आणि मायेनं उशाशी ठेवला. शेजारच्या चारूकडे तिनं पाहिलं नाही.

त्यानंतर वरच्या बातम्या वाईट येऊ लागल्या. कामाच्या अर्धीचे नमुने कोणीही घेऊ शकतो आणि माझी अर्धी कोणाला नाही म्हणत नव्हती. एकानं तिच्यातून पोहण्याची हौस काढून नेली, एकीनं तिखटाची आवड. तेंडोलकर सरांनी तिच्यातला सगळा गणिताचा भाग नेला. वर पावलं वाजायची त्यात तिची पावलं हलकी होत गेली. शेवटी तर नुसती चप्पल सरकल्यासारखी वाजायची. त्याच सुमारास आर्क्टिकच्या तळातला पहिला गाळ वर आला. जहाजभर धावपळ झाली, नळी टेबलावर आडवी ठेवल्याचा आवाज आला.

"वरचं टोक कोणतं?" तेंडोलकर सरांनी विचारलं.

कोणीतरी कागद चाळले.

"उगले, वरचं टोक कोणतं?"

"ऋजुता, तू सांग," चारू म्हणाली.

"तू म्हणशील ते," माझी अर्धी म्हणाली.

त्यानंतर दार उघडलं. लाल टोपीतल्या चारूला माझ्यापर्यंत यायला खूप वेळ लागला. खोली किती लांबली आहे ते तिच्या धापेवरून मला कळलं. तिच्या हातात नमुना काढायची पितळी नळी होती, अंगठ्याएवढ्या जाडीची.

"राखीवला हात लावत नाहीत," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"मग मला वर ने. मी बघून सांगते. एका मिनिटाचं काम आहे."

"तू सगळ्यांसमोर सांगशील. मला फक्त तुझी पारख हवी," चारू म्हणाली.

तिनं प्लास्टिक बाजूला केलं. नळी माझ्या छातीच्या मधोमध टेकवली आणि तळहातानं दाबली. ती सहज आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्यात काळा, ओला, दाट गाळ होता. इतका सुंदर गाळ मी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि तो माझा होता.

गाळ ओळखायची आमची एक रीत आहे. चिमूटभर गाळ पुढच्या दातांमध्ये धरायचा. किरकिरला तर रेताड, म्हणजे गारठ्याचा; लोण्यासारखा गेला तर चिकणमाती, म्हणजे उबेचा. यंत्रं कितीही आली तरी आम्ही गुपचूप हे करतोच. मग बाजूला थुंकायचं आणि चूळ भरायची. गिळत कोणी नाही.

चारूनं चिमूट दातांत धरली. डोळे मिटून, हलकेच जबडा हलवला. मला त्या शांततेत तो आवाज ऐकू आला, बारीक, स्पष्ट, किर्र. तिनं डोळे उघडले. त्यांत पाणी होतं.

"तुझंच बरोबर होतं," ती म्हणाली. "मागच्या वर्षीची नळी उलटीच होती."

"आता वर जाऊन सांग," मी म्हटलं.

शेजारच्या ट्रेमधून दुसरी चारू ओरडली, "थुंक! अगं चारे, थुंक ते!"

चारूनं गिळलं. मग तिनं पितळी नळी स्वेटरच्या बाहीला पुसली आणि पहिल्या भोकाच्या शेजारी, नीट अंतर ठेवून, पुन्हा माझ्या छातीवर टेकवली.