भरलेली टाकी

बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात झाडं तोडणारे ठेकेदार पुष्कळ, पण शांतारामची चेनसॉ कामावर बंद पडत नाही, असा तिथे एक समज होता. समज खरा होता, आणि तो वाढवायला शांतारामने स्वतःही बऱ्यापैकी हातभार लावला होता. टपरीवर दुसऱ्या कुणाच्या मशीनचा विषय निघाला की तो चहाचा घोट घेऊन फक्त "हं" करायचा. बाकीचं ऐकणारे समजून घेत.

मशिनी मात्र तो खरोखरच जपायचा. संध्याकाळी पडवीत गोणपाट अंथरून बसायचा. हवेचा फिल्टर काढून साफ करायचा, चेनच्या एकेका दातावर गोल कानस फिरवायचा, चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या खाचेतला भुसा तारेने उकरायचा आणि पट्टी उलटी करून बसवायचा, म्हणजे ती दोन्ही बाजूंनी सारखी झिजते. शेवटी टाकीत उरलेलं काढून घेऊन मशीन सुकी करून ठेवायचा.

"माझ्या गुडघ्याला इतका वेळ कधी तेल चोळलं नाय," बायको प्रेमला म्हणायची.

"तुझा गुडघा बंद पडला तर माझा ठेका जात नाय."

कामगारांना त्याचा एकच दंडक होता: कोरं पेट्रोल घालायचं नाही. या इंजिनांना वंगणाची वेगळी सोय नसते. पेट्रोलात टू-टी ऑइल मिसळायचं, तेच आतल्या पिस्टनचं वंगण. कोरं पेट्रोल मिळालं की मशीन आधी जरा जास्तच तोऱ्यात चालते आणि मग एकाएकी जाम होऊन आवळून बसते. मोठी मशीन चालवणारा जिवल्या, मनोरकडच्या पाड्यातला जुना गडी, नव्या माणसाला सांगायचा, "मशीन आपल्या शेटसारखी हाय. कोरडं काय चालत नाय, जरा लोणी लावायला लागते."

हा दंडक सगळे पाळत. न पाळणारा एकच होता, आणि त्याला सांगायची सोय नव्हती. तो शांतारामचा व्याही.

शांतारामची मुलगी दिशा पालघरजवळच्या माहीमला दिलेली. सासरे नरहरी, नारळ-सुपारीची वाडी, घरात चार माणसं आणि ओटीवर कायम आठ. शेजाऱ्याचं भांडं त्या घरातून कधी रिकामं परत गेलं नाही. वाटीभर साखर आणली तर वाटी चिकू घेऊन परत जायची. लग्नानंतरच्या पावसाळ्यात नरहरींनी शांतारामची मोठी मशीन मागून नेली. शांतारामने सोबत मिसळलेल्या पेट्रोलची बाटली दिली, "हेच टाका" असंही सांगितलं. नरहरींनी तेच टाकलं. बाटली संपली, काम संपलं. आता व्याह्यांची वस्तू रिकामी कशी पाठवायची? त्यांनी आपल्या मोटरसायकलचं पेट्रोल नळीने काढून टाकी काठोकाठ भरली, वर शहाळी ठेवली आणि सकाळच्या टेम्पोने मशीन पाठवून दिली. टेम्पो थेट कामावर आला. भरलेली टाकी शेटनीच भरली असणार, असं धरून जिवल्याने दोरी ओढली. अर्ध्या खोडात मशीन आवळली ती आवळलीच. उघडून पाहिलं तर पिस्टनवर उभे ओरखडे, मांजराने नखं मारल्यासारखे.

"सांगा की त्यांना," प्रेमला म्हणाली.

"काय सांगू? तुमच्या प्रेमापायी माझं इंजिन गेलं, असं? पोरगी तिथं नांदते."

त्याने नवं इंजिन बसवलं आणि तोंड मिटलं. पुढे माहीमहून मशीन आली की आधी गुपचूप टाकी उपसायची, एवढी त्याने सवय लावून घेतली. नरहरींना मशीन बिघडल्याचं तेवढं कळलं, कारण कळलं नाही. त्यांनी आपल्या परीने निदान केलं आणि हळदी-साखरपुड्याला भेटेल त्याला ते सांगितलं: "आमच्या व्याह्यांच्या मशिनी चांगल्या, पण जरा नाजूक." माणूस मनाचा साफ, त्यामुळे सांगायचा तेही मोठ्याने. वाक्य फिरत फिरत बोईसरच्या टपरीवर पोचलं, आणि शांतारामचं "हं" तेव्हापासून थोडं बारीक झालं.

अशात तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका बंद कारखान्याच्या भिंतीलगतचं जुनं शिरीष विजेच्या तारांवर कलंडलं. शुक्रवारी दुपारपर्यंत वीज बंद राहणार, तेवढ्यात झाड उतरवायचं होतं. खोड जाड, लहान मशिनींच्या पट्ट्या तिथे पुरणाऱ्या नव्हत्या. काम वेळेत झालं तर त्या भागातली सगळी छाटणी शांतारामला मिळणार होती. नाही झालं तर बाहेर दुसरे ठेकेदार उभेच होते.

आणि बुधवारी प्रेमला म्हणाली, "माहीमला वाडीत आंबा आडवा झालाय. मोठी मशीन पाठवा. मी हो बोलली."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तुमी नाय बोलला असता?"

मशीन गेली. गुरुवारी संध्याकाळी परत येईल, रात्रीत टाकी उपसू, असा त्याचा हिशेब होता. गुरुवारी मशीनऐवजी फोन आला. नरहरींना बोईसरला पाइप घ्यायचे होते. उद्या सकाळी ते स्वतःच मशीन कामावर आणून देणार होते.

शुक्रवारी ते वेळेच्या आधी हजर झाले. पांढरा शर्ट, मोटरसायकलच्या मागे पोत्यात गुंडाळून बांधलेली मशीन.

"घ्या, भरून आणलीय. चालू करून नाय बघितली. म्हटलं, नाजूक वस्तू, तुमची तुमी बघा."

दोघे-तिघे गडी हसले. वीज मंडळाचे साहेब बाजूला छत्री धरून उभे होते, तेही हसले.

शांतारामने टोपणाकडे पाहिलं, मग व्याह्यांकडे. "चहा घेऊन या ना, नाक्यावर चांगला मिळते."

"आताच घेतला."

"पाइपचं दुकान उघडलं असेल."

"पाइप कुठं पळतात? तुमचं काम तरी बघू दे एकदा."

जिवल्याला सगळं कळलं होतं. त्याने मशीन जमिनीवर ठेवली, मागच्या मुठीत बूट घातला आणि दोरी ओढायला लागला. बटण मात्र त्याने हळूच बंदवर ठेवलं होतं. मशीन खोकलीसुद्धा नाही. तो पुन्हा ओढायचा, पुन्हा कपाळ पुसायचा. घाम नसताना पुसायचा. त्याने वेळ मिळवला होता, पण त्या वेळेचं करायचं काय हे त्याला ठाऊक नव्हतं आणि शांतारामलाही सुचेना.

"कितना टाइम लगेगा?" साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"रुसली वाटते," नरहरी साहेबांना समजावून सांगायला लागले. "आमच्या व्याह्यांच्या मशिनींचं असंच हाय, साहेब. चांगल्या, पण..."

पुढचा शब्द शांतारामला पाठ होता. तो खाली बसला, टोपण फिरवलं, बोट आत बुडवलं आणि दोन बोटांवर चोळलं. पेट्रोल क्षणात उडून गेलं, बोटं कोरडी.

"व्याही, जरा बोट लावा."

नरहरींनी बोट बुडवलं, वास घेतला. "पेट्रोलच हाय. कालच भरलं."

"पेट्रोलच हाय. तेच तर." शांताराम त्यांच्याकडे न बघता बोलत राहिला. "यात तेल मिसळायला लागते. नायतर मशीन आतून जळते. ही आता चालू केली असती तर अर्ध्या झाडात मेली असती." आणि त्याने मशीन कलती करून टाकी रिकाम्या डब्यात ओतायला सुरुवात केली.

डबा वाजत भरत होता. वाढलेलं ताट कुणी परत सरकवावं तसे नरहरी त्या धारेकडे बघत होते. जिवल्याने आपल्या कॅनमधलं तेल मिसळलेलं हिरवट पेट्रोल भरलं, बटण चालूवर केलं आणि दोरी ओढली. मशीन पहिल्या खोकल्यानंतर जी लागली ती शिरीष भिंतीच्या आत झोपेपर्यंत थांबली नाही. साहेबांनी कागदावर सही करून दिली.

गडी फांद्या ओढत असताना नरहरी शांतारामजवळ आले.

"म्हणजे त्या पावसाळ्यात बिघडली ती यामुळेच?"

"हो."

"आणि तुमी गप्प."

"मुलीचा बाप मी. कसं बोलू?"

"मी मुलाचा बाप, म्हणून मला कुणी काय सांगायचंच नाय." नरहरींनी मोटरसायकलला किल्ली लावली. "मग मला कळायचं कसं? मी गावभर नाजूक नाजूक करत फिरलो, आणि मागून लोक मला हसत होते."

"मागून कुणी हसत नव्हतं. मी कुणाला सांगितलंच नव्हतं."

"ते आणखी वाईट," असं म्हणून ते पाइप न घेताच माहीमच्या रस्त्याला लागले.

छाटणीचं काम मिळालं. मशिनी चालत राहिल्या. माहीमहून मात्र निरोप येईना. दिशाकडून एवढं कळलं की मामंजींनी स्वतःची चेनसॉ घेतली आहे आणि तिला घरात कुणाला हात लावू देत नाहीत. शांतारामने यातही समाधान मानायला हवं होतं. मोठी मशीन आता रोज घरी होती, सुकी, स्वच्छ. तो तिला पुसायचा आणि एकदा पुसलेली पुन्हा पुसायचा.

"फोन करा," प्रेमला म्हणाली.

"तेच करतील."

"तेपण असंच बोलत असतील तिकडं."

मार्गशीर्षात एका सकाळी अंगणात मोटरसायकल थांबली. मागे पोतं. नरहरी पायऱ्या चढून आले, नवी चेनसॉ गोणपाटावर ठेवली आणि उभेच राहिले.

"चालू होत नाय. मिसळून घातलंय, आधीच सांगतो."

शांतारामने टोपण उघडलं. बोटं चोळली, ती एकमेकांना चिकटली. प्लग काढला तर तो काळाकुट्ट, ओला. घरातून प्रेमला दारात आली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. काय बोलायचं त्याचे सभ्य पर्याय शांतारामला दिसत होते: हवामान, कंपनीचा दोष, प्लगचा दर्जा.

"तेल लई झालं," तो म्हणाला. "तुमी काय, अर्धी बाटली ओतली?"

"जरा हात सैल सोडला."

"जरा नाय, व्याही. यात पुऱ्या तळता येतील."

दारातली प्रेमला आत सटकली.

"कमी घातलं तरी ऐकून घ्यायचं, जास्त घातलं तरी ऐकून घ्यायचं," असं पुटपुटत नरहरींनी भिंतीकडचा पाट ओढला आणि त्यावर मांडी घालून बसले. "काढा. किती घालायचं ते दाखवा. आणि हळू दाखवा, मी काय जिवल्या नाय."