उलटी धरलेली दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी आणि चिडलेली दुर्बीण आहे. चिडायला कारणही तसंच आहे. कारखान्यात माझ्या काचा इतक्या निगुतीने घासल्या होत्या, की तरुणपणी मी तळ्यापलीकडचा बगळा थेट नाकासमोर आणून उभा करी. एकदा तर त्या बगळ्याने माझ्याच काचेत बघून पिसं नीट केली. खोटं वाटत असेल तर बगळ्याला विचारा!

माझे मालक शिंपी. खडूने माखलेल्या सदऱ्याच्या टोकानेच ते माझ्या काचा पुसत. ओरखडे पडून पडून मला मोतीबिंदू झाल्यासारखं झालं. त्यात उन्हाळा सरत आला की त्यांची थोरली बहीण राहायला येई. दोघांनाही पाखरांचं वेड, पण नजर दोन तऱ्हांची. माझं चाक याने फिरवलं की तिला धूसर, तिने फिरवलं की याला.

यंदा मालकीणबाईंनी बजावलं, "किती उन्हाळे गेले, तो खंड्या काही तुम्हाला दिसत नाही. आज नाही दिसला, तर ही दुर्बीण भंगारात!"

भावंडं मला घेऊन तळ्यावर गेली. तळं आटून डबक्याएवढं उरलं होतं. आणि समोरच्या खुंटावर चक्क खंड्या बसला होता, फोटोला बसावा तसा!

"थांब ताई, निळं काहीतरी आहे... आत्ता दिसेल..."

"आण इकडे. शी! नुसतं धुकं! चाक कुणी फिरवलं?"

"अगं, हलवू नकोस ना!"

"तू गप रे. लहानपणापासून असाच आहेस."

चाक इकडे, चाक तिकडे. मी बोंब मारली असती, पण दुर्बिणीला तोंड कुठलं? खंड्याने मासा धरला, आपटला, गिळला, कंटाळला आणि उडून गेला.

घरी मागच्या अंगणातही भावंडांचं तेच. "तुझ्यामुळे!" "नाही, तुझ्यामुळे!" मालकीणबाई मला घेऊन भंगाराच्या पोत्याकडे निघाल्या. जाता जाता त्यांनी मला सहज डोळ्यांना लावलं, तेही उलटं. भांडणारी दोघं एकदम मुंगीएवढी झाली.

"अगंबाई!" त्या खुदकन हसल्या. "वन्सं, किती लांब गेलात हो! जिवाला बरं वाटलं. राहू दे ही घरात."

अशी मी वाचले. पण आता रोज मला उलटंच धरतात. पाखरं जवळ आणायला जन्मलेली मी, नणंदेला लांब पाठवायच्या कामाला लागले! म्हणून सांगते मित्रांनो, दुर्बिणीच्या काचा मऊ, स्वच्छ फडक्याने पुसा. चाक ज्याचं त्याला निवांत जुळवू द्या. आणि कधी आमच्या अंगणात आलात, तर मला एकदा तरी सरळ धरा. कुंपणावर केव्हाची एक चिमणी येऊन बसलीय हो!